डेव्हिससाठी बंद झालेलं दार

लंडनच्या वेम्बली मैदानावर १९९४ला झालेल्या रग्बी लीग सामन्यातला तो ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) आज पुन्हा पाहिला. कर्णधार शॉन एडवर्ड्सला पंचांनी मैदानाबाहेर काढलेलं, ब्रिटनचे तेरापैकी उरले बारा जण, समोर ऑस्ट्रेलिया. जोनाथन डेव्हिस चेंडू घेऊन सुटतो, ब्रेट मलिन्सला बाहेरून मागे टाकतो आणि कोपऱ्यात झेपावतो. ८-४ने सामना ब्रिटनचा!

पण दिवसभर डोक्यात राहिलं ते १९८९. वेल्सकडून रग्बी युनियन खेळणारा हा लाडका खेळाडू रग्बीचाच दुसरा प्रकार, रग्बी लीग, खेळायला इंग्लंडमधल्या विडनेस क्लबला गेला. तिथे खेळायचे पैसे मिळत आणि युनियनला ते मान्य नव्हतं, म्हणून रग्बी युनियनचं दार त्याला बंद. १९९५ला युनियननेच पैसे मान्य केले, तेव्हा कुठे तो वेल्समधल्या कार्डिफ क्लबकडून युनियन खेळायला परतला.

पुढे बीबीसीवर तो दोन्ही खेळांवर बोलला.

मेहनतीचे पैसे घेतले, यात शिक्षा करण्यासारखं काय होतं?