एलडीएल ५२, तरी सीआरपी चढलेला

तीनपैकी पहिला रिपोर्ट मी बघून बाजूला ठेवला. अँजिओप्लास्टीनंतर दुसऱ्याच दिवशीचा, सीआरपी (शरीरात कुठे दाह, म्हणजे आतली सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) ३८. पेशंटचा मुलगा नेमका त्यानेच धास्तावला होता. "डॉक्टर, स्टेंटला इन्फेक्शन झालंय का?" अहो, फुगा फुगवून स्टेंट बसवताना धमनीच्या आतल्या थराला आपणच इजा करतो, त्यात आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला. यकृत अशा वेळी सीआरपी सोडतंच. साधारण दोन दिवसांत तो टोकाला जातो, मग उतरतो.

इथे उतरला होता, पण पुरता नाही. दोन महिन्यांनंतरचा हाय-सेन्सिटिव्हिटी (अगदी थोडा असला तरी मोजणारा) सीआरपी ६.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. दोनच्या आत असता तर मी निश्चिंत झालो असतो. सर्दी-तापानेही हा आकडा वाढतो, म्हणून तीन आठवडे थांबून पुन्हा करायला लावला, तो त्या दिवशी हातात आला: ५.९. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र ५२, साखर ठीक, सिगारेट कधीच नाही.

दाह कमी करणारं कोल्चिसीन लिहून मोकळं होता आलं असतं. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत ०.५ मिलिग्रॅमने फायदा दिसला. पण २०२४ च्या मोठ्या चाचणीत अटॅकनंतर लगेच सुरू करूनही सीआरपी तेवढा उतरला, पुढचे झटके काही कमी झाले नाहीत. आकडा खाली आणणं आणि धोका कमी करणं एकच नव्हे, म्हणून मी आधी दाह कुठे आहे ते शोधतो.

सांधे, त्वचा, छाती, लघवी, कुठेच काही सापडेना. शेवटी म्हटलं, "काका, आ करा."

हिरड्या लाल, सुजलेल्या. खालची दाढ हलत होती, दाबलं की पू. "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना," ते ओशाळून म्हणाले, "रक्त थांबणार नाही म्हणाले सगळे, म्हणून दातांकडे गेलोच नाही."

"मग दोन दिवस गोळ्या बंद ठेवू का?" मुलाने विचारलं.

"एक दिवससुद्धा नाही!" माझा आवाज जरा चढलाच. पहिल्या काही महिन्यांत त्या सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दंतवैद्यांशी त्यांच्यासमोरच फोनवर बोललो. गोळ्या चालू ठेवूनच सगळं झालं.

तीन महिन्यांनी सीआरपी २.३. हिरड्यांच्या उपचाराने तो उतरतो, पण त्यामुळे अटॅक टळतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. तसं मी त्यांना सांगितलं आणि एकही गोळी कमी केली नाही.