खंबाटकीच्या चढावरचा काटा

चढ सुरू झाला आणि वायपरखाली अडकवलेल्या, पेट्रोलचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा 3 बारवरून सरळ 2 च्या खाली आला. गाडी हुंदके द्यायला लागली.

जुनी कार्बोरेटरची गाडी, आत आता इंजेक्शनचं इंजिन. फिल्टर बदलला, रेग्युलेटर बदलला, पंपही नवा टाकला. उभ्या गाडीत प्रेशर अगदी चोख. चढावर मात्र तेच.

आज गॅरेजमधल्या काकांनी मीटर काढला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट. मला पेडल दाबून धरायला सांगितलं आणि पंपाच्या टोकावर मोजलं. 10.2.

"पोरा, पंप उपाशी आहे रे. पेट्रोलचं नंतर बघू."

मूळ गाडीचा पंप इंजिनावरच चालणारा, त्याला वायर लागतच नव्हती. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या नव्या पंपाची लाइन डिकीच्या दिव्याच्या बारीक वायरीवरून घेतलेली, अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला, रंगातून वीज नीट जात नाही. उभ्या गाडीला इंधन थोडंच लागतं, म्हणून तेव्हा सगळं भागायचं. काकांनी रंग खरवडून पत्रा उघडा केला, बॅटरीवरून जाड वायर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकला. मग चढावरही काटा 3 वरून हलला नाही.

रंगाच्या त्या पापुद्र्याचाच विचार दिवसभर डोक्यात आहे. किती प्रेमाने मारला होता तो रंग! इंजिनावर, पंपावर आपण जीव टाकतो, आणि दोन मीटर वायरीकडे कुणी बघत नाही. या जुन्या गाड्या अशाच किरकोळ कारणांनी भंगारात जात असतील, याचं वाईट वाटतं.

तुमच्यापैकी कुणी पंप बदलण्याआधी व्होल्टेज मोजलंय?