धुकट काचा आणि बालाघाटची वाट: संभाजीनगर ते नळदुर्ग

आमचा रस्ता साधा होता: संभाजीनगर, पैठण, बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर, औसा, तुळजापूर आणि शेवटी नळदुर्ग. महिना जानेवारीचा. गाडी म्हणजे मिनीबसच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली कॅरव्हॅन: आत दोन पलंग, ओटा, छतावर सोलर. बाजूच्या मोठ्या खिडक्या दुहेरी काचेच्या, मागची एक ॲक्रिलिकची. गाडी पाच पावसाळे बघून झालेली, आणि दुहेरी काचांच्या मधोमध धुकं साठलेलं. आतून पुसा, बाहेरून पुसा, ते हलत नाही.

अशी गाडी असलेले बरेच जण या धुक्यावर पडदा लावून मोकळे होतात, कारण नव्या खिडकीचा भाव ऐकला की बोलती बंद होते. आम्हाला एका खिडकीचे तीस हजारांच्या पुढे सांगितले होते, वर तीन महिन्यांची वाट. म्हणून ठरवलं की अंबाजोगाईला नणंदेकडे मुक्काम आहेच, तिथेच खिडक्या उतरवायच्या आणि लातूरच्या काचवाल्याकडून दुरुस्त करून घ्यायच्या. प्रवास आणि दुरुस्ती एकाच खेपेत झाली. खर्च नव्या एका खिडकीच्या पाव भागातसुद्धा आटोपला, तोही तीन खिडक्यांचा मिळून.

पैठणला नाथसागराच्या काठी थांबलो ते पक्ष्यांसाठी. थंडीत जायकवाडीच्या उथळ पाण्यावर बाहेरून आलेले पक्षी उतरतात. सकाळी उजेड फुटताना पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून बघता येईल अशी जागा आम्ही हुडकली होती. पण पाण्याकाठच्या गारठ्यात काचा पांढऱ्याफटक. दहा वाजेपर्यंत काही दिसेना, मग ऊन चढलं तशी काच हळूहळू साफ झाली. दुरुस्तीच्या दृष्टीने ही चांगली खूण आहे. सकाळी येऊन दुपारी जाणारं धुकं म्हणजे नुसतं पाणी. अशी काच पूर्ण सुधारते. भर दुपारीही दुधाळ डाग तसाच राहत असेल तर पाण्याने काचेतला क्षार बाहेर काढून पृष्ठभाग खाल्लेला आहे. ती काच पॉलिशने थोडीफार उजळते, कधी तेवढीही नाही. खिडकी उघडायच्या आधी हे एक दिवस बघून घ्या. आमच्या तीनपैकी दोन पहिल्या जातीच्या निघाल्या.

धुकं येतं कुठून, ते थोडक्यात. दोन काचांच्या कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. तिच्यात ओल शोषणारे बारीक मणी भरलेले असतात आणि पट्टी दोन्ही काचांना चिकट थराने बंद केलेली असते. मधली हवा दिवसा तापते, रात्री निवते. मराठवाड्यात उन्हात उभ्या गाडीची काच ६० अंशांवर सहज जाते. २० वरून ६० वर गेलं की कोंडलेल्या हवेचा दाब साडेतेरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. रोज ही ढकलाढकल, वर खड्ड्यांचे हादरे. कुठेतरी केसाएवढी फट पडते, रात्री निवताना तिच्यातून दमट हवा आत ओढली जाते, आणि मणी एकदा भरले की संपलं. म्हणून बाहेरून सिलिकॉनचा थर फासून काही होत नाही. ओल आत कोंडलेली राहते ती राहतेच.

पैठणहून पाचोडला मोठ्या रस्त्याला लागलं की बीडपर्यंत गाडी सुसाट जाते. बीडमध्ये खजाना बावडी ही जुनी विहीर बघायची असेल तर कॅरव्हॅन रस्त्यालगत लावून थोडं चालत जा, आत वळवायला जागा नाही. पुढे मांजरसुंब्याचा घाट चढून डावीकडे केजच्या रस्त्याला लागायचं. ज्वारी हुरड्यात होती, रस्त्याकडेला कोवळी कणसं भाजणारे बसलेले. तिथे जरूर थांबा. पाच-सहा फूट उंच ताटांतून बालाघाटचे सपाट माथे दिसतात ते मोठ्या काचेतून बघायचे, आणि आमच्या काचेतून सगळंच दुधात बुडवल्यागत.

अंबाजोगाईला ताईंच्या अंगणात खिडक्या उतरवल्या. ताई म्हणजे नणंद, वयाने माझ्याहून मोठ्या आणि हातात पाना आला की ऐकत नाहीत. आतल्या बाजूची चौकट स्क्रूंनी कसलेली असते. ते सगळे काढेपर्यंत बाहेर एकाने खिडकी धरून उभं राहायलाच हवं, कारण शेवटचा स्क्रू निघाला की ती एकदम सुटते. आमच्या खिडक्या जुन्या चिकटपट्टीने इतक्या धरल्या होत्या की प्लास्टिकची पट्टी घालून चारी बाजूंनी सावकाश कापाव्या लागल्या. रंगाऱ्याची लोखंडी पट्टी गाडीचा पत्रा ओरबाडते, ती नको. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि चौकटीच्या वरच्या बाजूला टेप लावून ठेवा. खालच्या बाजूला पाणी जायची भोकं असतात. चौकट उलटी बसली तर पहिल्याच पावसात गादी भिजेल. उघड्या भोकांवर प्लायचा तुकडा आणि प्लास्टिक दोरीने बांधलं. थंडीच्या दिवसांत तेवढं पुरतं.

काचा न्यायच्या त्या उभ्या, आडव्या कधीच नाही. ताईंच्या मुलाच्या जीपमध्ये गोधड्यांमध्ये उभ्या बसवून आम्ही लातूर गाठलं. गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेत, सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या एकाही रस्त्यावर कॅरव्हॅन नेण्यात शहाणपणा नाही, म्हणून गाडी अंबाजोगाईलाच ठेवली ते बरं झालं. काचेची दुकानं गोलाईमागच्या गल्ल्यांत आहेत. दुकानात शिरताना "गाडीची खिडकी" म्हणाल तर विंडशील्डवाल्याकडे पाठवतील. "डीजीयू खोलून परत पॅक करायचं आहे" असं म्हणा, डीजीयू म्हणजे दुहेरी काचेचा बंद जोड. कार्यालयांच्या इमारतींना दुहेरी काचा बसवणाऱ्यांकडे स्पेसर, मणी, ब्युटाइल (रबरासारखा चिकट थर) सगळं असतं.

तिसऱ्या दुकानातल्या चाचांनी काम घेतलं. मी इंटरनेटवर बघितलेला उपाय त्यांना सांगितला: काचेला दोन बारीक भोकं पाडून मधली हवा वाळवायची.

"टफन हाय ती, ताई," चाचा म्हणाले. "ड्रिल टेकवलं की खडीसाखर होईल बगा."

बरोबर आहे त्यांचं. गाडीच्या बाजूच्या काचा टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या असतात, आणि टफन काच भट्टीतून बाहेर आल्यावर ना कापता येते ना तिला भोक पाडता येतं. भोक पाडायचंच तर कडेच्या स्पेसरमध्ये पाडतात आणि मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने सिलिका जेलमधून आलेली कोरडी हवा आत सोडतात. हा उपाय वर्ष-सहा महिने भागवतो, कारण मूळची फट तशीच राहते. गाडी विकायला काढली असेल तर ठीक, वापरायची असेल तर खोलूनच करा.

चाचांनी आधी चौकटीच्या जोडाचे स्क्रू काढले, रबर बीडिंगवर साबणाचं पाणी सोडलं आणि काच सरकवून बाहेर घेतली. मग ती तासभर उन्हात. चिकट थर मऊ झाल्यावर कोपऱ्यातून पातळ ब्लेड घातलं आणि पुढचं सगळं गिटारच्या तारेने करवतीसारखं मागेपुढे करत कापलं. जिथे अडलं तिथे बांबूची पाचर. टफन काच मधे कितीही दणकट असली तरी कडेला नाजूक असते. पेचकसाने उचकटलीत तर हातात चुरा येईल. जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय हे करू नका, भले दुकानातली पोरं उघड्या हातांनी करत असोत.

खरा वेळ जातो तो साफसफाईत. ब्लेडने खरवडायचं, टर्पेंटाइनने जुन्या थराचा काळा चिकटा काढायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने टर्पेंटाइनचा तेलकटपणा घालवायचा. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की वाळल्यावर पांढरे ठिपके उरतात, आणि ते काचांच्या मध्ये कायमचे कोंडले जातात. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा. दुधाळ डागाच्या काचेवर चाचांनी आधी व्हिनेगर लावून बघितलं, मग सेरियम ऑक्साइडची काच-पॉलिशची पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या चकतीने हळू फिरवली. बराचसा डाग गेला, एका कोपऱ्यात अजून सावली आहे. काचेच्या आतल्या बाजूला उष्णता अडवणारा लेप असेल तर मात्र पॉलिश लावू नका, लेपच निघून जातो.

जुना स्पेसर सरळ होता म्हणून तोच वापरला. जुने मणी ओतून टाकले, नवे भरले. मण्यांचा डबा अगदी शेवटी उघडायचा, कारण उघड्यावर ते आजूबाजूची ओल पिऊन बसतात. घरी करणाऱ्याने सिलिका जेल वापरलं तरी चालतं. ओलं झालेलं ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. इमारतींच्या काचांतले मॉलिक्युलर सीव्हचे मणी घरच्या ओव्हनमध्ये तसे ताजे होत नाहीत, ते नवेच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्पेसरच्या दोन्ही अंगांना आधी ब्युटाइल, आणि बाहेरच्या खाचेत सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइड. पुष्कळ कारागीर ब्युटाइल वगळून नुसतं सिलिकॉन भरतात, कारण ते पाणी थांबवतं. पण पाण्याची वाफ सिलिकॉनमधून आरामात जाते. वाफेला अडवतं ते ब्युटाइल, सिलिकॉन फक्त काचा धरून ठेवतं. आमच्या खिडक्यांत मुळात ब्युटाइल नव्हतंच, ते खोलल्यावर दिसलं. सिलिकॉनही न्यूट्रल मागा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲल्युमिनियमला खातं. नळी दोन-अडीचशेला मिळते, इथे पन्नास रुपये वाचवू नका.

वेळेचं माझं मत चाचांना पटायला जरा उशीर लागला. ते भर दुपारी पॅक करायला निघाले होते, "हवा कोरडी हाय" म्हणून. पण मराठवाड्यात पावसाळा सोडला तर सकाळच्या हवेतही वाफ जवळजवळ तेवढीच असते, फक्त गारव्यामुळे दमट वाटते. दुपारी तापलेली हवा कोंडली तर रात्री ती आकसून दोन्ही काचा आत ओढते, ताण येतो. म्हणून काचा उन्हात खडखडीत वाळवल्या, सावलीत निवू दिल्या आणि २५ अंशांच्या आसपास बंद केल्या. उंचीचंही तसंच. संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर सगळं पठारावर, फरक नाही. पण इथे बंद केलेली काच कोकणात उतरली की दाबली जाते आणि कोकणात बंद केलेली इथे फुगते. ज्या भागात गाडी जास्त फिरणार, तिथेच काम करून घ्या.

सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटर आत वाळतं, तेव्हा काचा सपाट ठेवून तीन दिवस हात लावू नका. आम्ही त्या काळात खरोशाची लेणी बघितली, धपाटे-दही खाल्लं आणि ताईंकडे येसराची आमटी. परत बसवताना चौकटीभोवती नवी ब्युटाइल टेप लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे कसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. मग झारीने वरून पाणी सोडून आत बोट फिरवून बघितलं.

मागच्या ॲक्रिलिकच्या खिडकीत यातलं काहीही करायचं नव्हतं. तिच्या कडेला छोटी रबरी बुचं असतात. ती काढून गाडी दोन दिवस कोरड्या उन्हात ठेवली, धुकं गेलं, बुचं परत लावली. फक्त तिला टर्पेंटाइन, थिनर, स्पिरिट काही लावू नका, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.

आतली काच काढून एकेरीवर गाडी चालवणारेही भेटले. स्वस्त आहे, पण बाहेरच्या तापलेल्या हवेची उष्णता दुहेरी काच एकेरीच्या जवळपास अर्धीच आत येऊ देते. एप्रिलमध्ये लातूरच्या उकाड्यात तो फरक एसीच्या बिलात नव्हे, झोपेत कळतो.

पुढचा रस्ता पटकन सांगते. लातूर-तुळजापूर रस्त्यावर औशाच्या पुढे उजनीला बासुंदीसाठी थांबायचंच. तुळजापुरात मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही. नळदुर्गाला किल्ल्यातला पाणीमहाल बघा. बोरी नदीला पाणी असताना बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडतात, जानेवारीत फारसं नसतं. मुक्कामाला ढाब्याच्या मागची जागा विचारून घ्या, जेवण तिथेच केलं की कुणी नाही म्हणत नाही. टाकी मात्र लातूर किंवा तुळजापुरातच भरून ठेवा. मार्चनंतर गावोगाव टँकर सुरू होतात, तेव्हा गावच्या नळावर कॅरव्हॅनची टाकी भरायला उभं राहू नये. खिडक्यांच्या कामालाही मार्चच्या आधीच जा. नंतर चाचांच्या अंगणात काच हातात धरवत नाही इतकी तापते.