आमची वाटचाल: काळ्या डब्याचा धंदा

इंदूरच्या पोलोग्राउंडला आमची शेड २००९ पासून आहे. त्याआधी मी उज्जैन, देवास, रतलामच्या कॉलेजांतले मायक्रोस्कोप आणि कलरीमीटर दुरुस्त करत फिरायचो. आता बनवतो त्या मालाला बिलावर ‘फ्लुओरेसन्स इमेजिंग सिस्टीम’ लिहितो, शेडमध्ये सगळे काळा डबाच म्हणतात. पीडीटी, म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपी: आधी औषध द्यायचं, मग प्रकाशाने ते चेतवून गाठ मारायची. ते औषध उंदराच्या अंगात कुठे गेलं, किती साचलं, कधी उतरलं, ते या डब्यात दिसतं.

पहिला डबा मॅडमचा. फार्मसी कॉलेजात क्लोरिन ई-सिक्स या पीडीटीच्या औषधावर त्यांचं काम चाले. त्यांचा मायक्रोस्कोप नीट करायला गेलो होतो, तर म्हणाल्या, “भाऊ, दर वेळेला उंदीर मारून, अवयव वाटून औषध मोजायचं, हे किती दिवस करायचं? तोच उंदीर पुन्हापुन्हा बघता नाही का येणार?” प्रश्न रास्त होता. इंजेक्शन दिल्यावर औषध आधी सगळीकडे पसरतं, मग निरोगी भागातून लवकर उतरतं आणि गाठीत रेंगाळतं. हा फरक सर्वांत जास्त असेल तेव्हाच लाल प्रकाश द्यायचा. शिवाय औषध स्वतःच चमकतं, वेगळा रंग जोडावा लागत नाही. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश टाकला की ६७०च्या आसपास लाल परत येतो. उपचारात औषध विरत जातं, म्हणून आधीचा आणि नंतरचा फोटो ठेवला की किती खर्ची पडलं त्याचाही अंदाज येतो.

सोपं वाटतं. पण टाकलेल्या प्रकाशाच्या मानाने परत येणारा लाल प्रकाश इतका क्षीण असतो, की जांभळ्याचा लवलेश जरी कॅमेऱ्यात शिरला तरी फोटो वाया. तो अडवायला कॅमेऱ्यापुढे फिल्टर लावतात. त्यात कोटिंगचा फिल्टर सरळ किरणांना नीट अडवतो, तिरक्यांना नाही. किरण तिरका झाला की फिल्टरची सीमा निळ्याकडे सरकते. रंगीत काचेचा फिल्टर लावावा, तर जांभळ्यात काच स्वतःच चमकते. म्हणून आम्ही दोन्ही लावतो, कोटिंगचा पुढे, काच मागे. हा क्रम उलटा करून ‘सिग्नल वाढला’ म्हणणारे लोकही पाहिलेत.

झाकणाचं काम उस्तादांचं. त्यांचं खरादचं, म्हणजे लेथचं, दुकान आमच्या मागच्याच गल्लीत. झाकणाच्या कडेला दुहेरी खाच हवी, म्हणजे प्रकाशाला सरळ वाट मिळत नाही, असं मी सांगितलं तेव्हा ते हसले, “भिया, अंधेरे के भी पैसे मिलते हैं क्या?” मिळतात. ती खाच ते आजही हाताने फिरवून तपासतात, नखाला कड लागली तर तुकडा बाजूला. आतलं काळं अ‍ॅनोडायझिंगही फसवं असतं. डोळ्याला काळंकुट्ट, पण ७००च्या पुढे तेच ॲल्युमिनियम बऱ्यापैकी प्रकाश परतवतं. काही औषधांमुळे अंगातच प्रोटोपॉर्फिरिन नावाचं चमकणारं द्रव्य तयार होतं. त्याच्या चमकेचा मुख्य उंचवटा ६३५ला आणि दुसरा, बारीक, ७०५ला. ज्याला तो दुसरा बघायचाय त्याला हे नडतंच. त्यामुळे सियागंजाच्या बाजारातून आणलेला मॅट रंगाचा प्रत्येक डबा आम्ही आधी पत्र्याच्या तुकड्यावर लावून, आपल्याच कॅमेऱ्याखाली बघून, मगच वापरतो.

पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ‘ते’ आले. नाव लिहीत नाही. या धंद्यातल्यांना कळेलच. बाहेरून आणलेला पांढराशुभ्र डबा, मोठा पडदा, सूटबूट घातलेला मुलगा. त्यांच्या पडद्यावर उंदीर दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा लाल. आमच्या फोटोत गाठ तेवढी उजळ, बाकी अंधार. बघणाऱ्याला काय आवडणार? निविदेत मेगापिक्सेलची अट आली, फिल्टर किती अडवतो त्याचा एक शब्द नाही. एकामागून एक कामं गेली. त्यातच एका संस्थेने लेखी ऑर्डर देऊन आमच्याकडून दोन डबे बनवून घेतले आणि माल तयार झाल्यावर ‘बजेट वळवलं’ असं पत्र पाठवलं. फिल्टर परदेशातून आगाऊ पैसे भरून मागवलेले. शेडचं भाडं थकलं, हिच्या पाटल्या बँकेत गेल्या. उस्तादांनी त्या सबंध काळात मजुरीचा विषय काढला नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा केली तेव्हा शेडमध्ये आम्ही दोघेच होतो.

मॅडमच्या कॉलेजनेही तो पांढरा डबा घेतला होता, त्यांचं मत न विचारता. एके दिवशी त्यांचा फोन आला, “तुमचा जुना डबा घेऊन या, आजच.” गेलो. त्यांनी औषध न दिलेला उंदीर आयसोफ्लुरेनने झोपवून त्या डब्यात ठेवला होता. पडद्यावर तोही लालभडक!

कारणं दोन. एक, ते सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला सर्वांत उजळ ठिपका पूर्ण लाल धरून बाकीचं ताणायचं. औषध असो नसो, रंग तोच; मग ते उतरलं कधी, हे कळणार कसं? दोन, उंदरांच्या खाद्यात लसूणघास होता. त्यातलं क्लोरोफिलही लालच चमकतं, तेही ६७०च्या जवळच, म्हणजे क्लोरिनच्या थेट शेजारी. पोट झळकत होतं ते जेवणामुळे. तोच उंदीर आमच्या डब्यात ठेवला. एक्सपोजर ठरलेलं, सगळ्या फोटोंना उजेडाची पट्टी एकच. पोटाशी अंधुक लाली, बाकी काही नाही. मॅडमनी खाद्य बदललं, काही दिवसांनी पुन्हा फोटो काढला, पोटही विझलं. ते दोन्ही फोटो त्यांनी विभागाच्या बैठकीत शेजारी शेजारी लावले. पडून राहिलेल्या दोन डब्यांपैकी एक त्यांच्याच विभागाने घेतला, सगळे पैसे आधी देऊन. दुसरा त्यांच्या सांगण्यावरून एका दंतवैद्यक कॉलेजात गेला. तिथे औषधाविनाही दातांवरचा जुना थर लाल दिसतो, कारण त्यातले जंतू पॉर्फिरिन बनवतात. ते बघून तिथले विद्यार्थी खूश, आम्हीही.

पांढऱ्या डब्याच्या मंडळींनी पुढे ‘फिक्स्ड एक्सपोजर मोड’ नवं वैशिष्ट्य म्हणून छापलं. जाहिरातीत आमचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं, पण ते पान मी जपून ठेवलंय.

२०१७ साली अमेरिकेत मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी ५-एएलए या औषधाला मान्यता मिळाली; त्यानेच गाठीत ते प्रोटोपॉर्फिरिन साचतं. भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी ते पाजतात, निळ्या प्रकाशात गाठ लाल दिसते. तेव्हापासून आम्हाला विचारणारे वाढले. त्यांतले निम्मे विचारतात, खोलवरची गाठ दिसेल का? नाही दिसणार. जांभळा प्रकाश ऊतींत मिलिमीटरभरही जात नाही. लाल प्रकाशाने चेतवलं तर थोडं खोलचं दिसतं, पण फिल्टर महाग पडतो आणि चित्र पसरट येतं. कोणी ‘सगळं दिसेल’ म्हणत असेल तर त्याच्याकडून औषध न दिलेल्या उंदराचा फोटो मागा.

आता विषय निघालाच आहे तर. डिटर्जंटने धुतलेला पांढरा एप्रन घालून डब्याचं झाकण उघडू नका, त्यातला उजळपणाचा रंग जांभळ्यात निळा पेटतो. उंदराखाली पांढरा कागद घालू नका, त्याच कारणाने. फिल्टर शर्टाच्या टोकाने पुसू नका. लेखी ऑर्डर म्हणजे पैसे नव्हेत, निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय फिल्टर मागवू नका. आणि भाच्याला हिशेबाला बसवू नका, कितीही हुशार असला तरी.

जुन्या डब्यांचे एलईडी आम्ही अजूनही बदलून देतो, कोणत्याही सालचा असू दे. फक्त पाठवण्याआधी आतून पुसून पाठवा. उस्तादांचं नाक तिखट आहे, उंदरांच्या वासाचा डबा ते दोन दिवस उन्हात ठेवतात आणि तोवर हात लावत नाहीत.