उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ५६ मिलिमीटरचं चाक

लेगोची गाडी स्वतः डिझाइन करायची म्हटलं की बहुतेक जण आधी रंग ठरवतात नाहीतर बॉनेटचा आकार. मी म्हणतो आधी टायर हातात घ्या. विटा जोडून लांबी कितीही करता येते, छप्पर वर-खाली घेता येतं, टायर मात्र कंपनीनं ज्या मापात काढलेत त्याच मापात मिळणार, मधलं माप नाही. म्हणजे स्केल टायर ठरवतो आणि आपण त्याच्या मागनं जायचं.

मला करायचा होता आमच्या भागातला उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही भरलेल्या. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, रायबाग, अथणी कुठंही जावा, गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दुसरं काही दिसतच नाही, काही ऊस इकडच्या कारखान्याला जातो, काही कर्नाटकची हद्द ओलांडून कोल्हापूर जिल्ह्यात, आणि रात्री लांबूनच टेपचा आवाज ऐकू आला की समजायचं ट्रॅक्टर आला. लेगोचे ट्रॅक्टरचे सेट आहेत, चांगले आहेत, खरं ते बहुतेक परदेशी धाटणीचे, बंद केबिनवाले, अवजारं लावलेले. आपल्यासारखा उघडा, वर पत्र्याचं छप्पर, उभा सायलेन्सर, मडगार्डवर बसलेला माणूस, असा कुठं मिळायचा? तो स्वतःच करायला लागतो. अशा स्वतःच्या डिझाइनला या छंदात एमओसी म्हणतात.

शेजारच्या अण्णांकडं महिंद्रा ५७५ आहे. मोजायची टेप घेऊन गेलो तर म्हणाले, "काय रे, घेतोस काय ट्रॅक्टर?" म्हटलं न्हाई अण्णा, मॉडेल करतोय. तर म्हणाले, "कर की, खरं ट्रॉली सोडून करू नको, बिनट्रॉलीचा म्हणजे नांगरटीचा झाला." मग स्वतःच टेपचं एक टोक धरून उभे राहिले. मागचं चाक १४.९-२८ चं, उंची साधारण १३५ सेंटिमीटर. पुढचं ६.००-१६, ते ७३ च्या आसपास. पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत १९४.

आता लेगोत नांगरी नक्षीचा ट्रॅक्टर टायर आहे, ५६ मिलिमीटर व्यासाचा आणि २६ रुंद. १३५ ला ५.६ नं भागलं तर २४ येतात. पुढच्यासाठी ३०.४ मिलिमीटरचा छोटा टायर आहे, ७३ भागिले ३.०४, परत २४! हे असं जुळलं ना की मला फार आनंद होतो, कारण पुढच्या-मागच्या चाकाचं प्रमाण चुकलं की ट्रॅक्टर ट्रॅक्टर दिसतच नाही, जीप दिसते. स्केल ठरला, १:२४. लेगोच्या विटेवरचा गोल उंचवटा म्हणजे स्टड, एका स्टडाची जागा ८ मिलिमीटर, या स्केलला ती १९ सेंटिमीटरपेक्षा जरा जास्त होते, आणि १९४ चा व्हीलबेस बरोबर १० स्टडात बसतो. टायरची रुंदी मात्र खऱ्यापेक्षा बरीच जास्त आहे, पुढच्या चाकाची तर जवळजवळ दुप्पट, त्याला इलाज नाही, उंची जुळत असली तर डोळा रुंदी माफ करतो असं माझं मत.

पुढचा प्रश्न सम की विषम. बाहेरून बघणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल खरं गाडी डिझाइन करताना यावरच सगळं अडतं. ट्रॅक्टरचं बॉनेट अरुंद असतं, ६० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ३ स्टड. ३ स्टड म्हणजे विषम, मधोमध एक स्टड येतो, दोन स्टडांमधली फट येत नाही. मग सायलेन्सर, स्टेअरिंग, ड्रायव्हरची सीट, मागचा हूक, सगळं त्या मधल्या रेषेवर सरळ बसतं. मी मग सगळंच विषम घेतलं, ट्रॅक्टरची एकूण रुंदी ९, ट्रॉलीची पण ९. एक भाग सम आणि एक विषम ठेवला तर मधे मधे जंपर प्लेट, म्हणजे मधोमध एकच स्टड असलेली चपटी वीट, घालून अर्धा स्टड सरकवत बसावं लागतं, आणि तिथंच मॉडेल कमकुवत होतं.

पुढची जाळी आणि हेडलाइट सरळ विटा रचून नीट येत नाहीत, त्यासाठी ब्रॅकेट लावून स्टड पुढच्या बाजूला वळवावे लागतात. यातलं गणित एकदा डोक्यात बसलं की सोपं आहे, प्लेट म्हणजे चपटी वीट, तिची जाडी ३.२ मिलिमीटर, पाच प्लेटी एकावर एक म्हणजे १६, आणि दोन स्टड पण १६. म्हणजे आडव्या लावलेल्या पाच प्लेटी दोन स्टडांच्या जागेत काटेकोर बसतात. माझी जाळी याच मापावर बसली आहे, वरून बॉनेटची लाल टाइल, म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट, येते आणि मधे केसभर फट दिसत नाही.

डिझाइन कॉम्प्युटरवर केलं, लेगोचे सुटे पार्ट विकणाऱ्या ब्रिकलिंक या साइटचं स्टुडिओ म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे. दोन पार्ट एकमेकांत घुसले तर ते सांगतं आणि शेवटी पार्टची यादी काढून देतं. यात एकच गोष्ट सांभाळायची, स्क्रीनवर कुठलाही पार्ट कुठल्याही रंगात रंगवता येतो, खरं कंपनीनं तो त्या रंगात काढलेला असेलच असं नाही. म्हणून कुठला पार्ट कुठल्या रंगात निघालाय ते दाखवणारा फिल्टर आहे, तो चालू ठेवूनच काम करायचं. लाल लेगोचा जुना रंग, त्यात बरंच काही मिळतं, म्हणून ट्रॅक्टर निवांत झाला. ट्रॉलीला मला जरा उडालेला हिरवट निळा पाहिजे होता, तो सोडला आणि साधा निळा घेतला.

पार्ट मागवणं हा वेगळाच व्याप आहे. बाहेरच्या देशातनं मागवलं की पोस्टाचा खर्च पार्टपेक्षा जास्त, आणि खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० केली. म्हणून मी यादी घेऊन आधी भारतातल्या सेलरकडं काय आहे ते बघितलं आणि त्याप्रमाणं डिझाइन परत बदललं. एका १×६ प्लेटीच्या जागी १×४ आणि १×२ चालत असेल तर तसं करायचं, एकाच सेलरकडं जेवढं जास्त मिळेल तेवढं पोस्ट वाचतं. जे आत झाकलं जाणार ते बेळगावात खेळण्यांच्या दुकानातल्या साध्या विटांच्या पाकिटातनं घेतलं. लेगोच्या विटेचं पेटंट १९५८ चं, त्याची मुदत कधीच संपली, आणि बाकीच्या कंपन्या पण स्टडांचं तेच ८ मिलिमीटरचं अंतर वापरतात, त्यामुळे एकमेकांत बसतात. फरक पकडीत असतो, काही घट्ट बसतात काही सैल, म्हणून चेसिस आणि जिथं पिन फिरते तिथं ओरिजिनलच, बाकी पोटात काही चालतं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग, पुढचा ॲक्सल. खरा ट्रॅक्टर बांधावरनं जाताना बघा, एक पुढचं चाक वर चढतं, दुसरं खालीच राहतं आणि बॉनेट मात्र फारसं कलत नाही. कारण पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनवर झुलतो, मागच्या बाजूला सस्पेन्शन नाही आणि पुढं पण स्प्रिंग नाही, फक्त ही एक पिन. अण्णांनी जॅकवर घेऊन दाखवलं. लेगोत हे करायला एक भोकाची टेक्निक वीट आणि एक पिन पुरते, खरं पिन कुठली हे महत्त्वाचं. काळी टेक्निक पिन घट्ट असते, तिच्यावर बारीक उंचवटे असतात, ती जागेवर अडकून राहते. करड्या रंगाची गुळगुळीत पिन मोकळी फिरते. झुलायचं असेल तिथं करडी, धरून ठेवायचं असेल तिथं काळी. ॲक्सलच्या वर दोन्ही बाजूला एकेक प्लेटीएवढी मोकळी जागा ठेवली, तेवढ्यात एका चाकाखाली जाड वही सरकवली तरी चारही चाकं टेकलेली राहतात. स्टेअरिंगला दोन्ही चाकांचे आर्म मागच्या बाजूला काढून एका पट्टीनं जोडले, मेकॅनिक ज्याला टायरॉड म्हणतात तेच, एक चाक वळवलं की दुसरं वळतं.

ट्रॉलीचं माप अण्णांच्याच ट्रॉलीचं, हौदा साडेअकरा फूट लांब, पावणेसहा रुंद, म्हणजे १८ बाय ९ स्टड. चार चाकी ट्रॉली, पुढची दोन चाकं दांड्याबरोबर वळतात. १८ स्टडांचा साधा प्लेटींचा तळ भार घालताना मधे वाकतो, म्हणून खाली दोन उभे गर्डर घेतले. टेक्निक वीट, तिच्यावर दोन प्लेटी, वर परत टेक्निक वीट. विटेची उंची ९.६ आणि दोन प्लेटी ६.४, बेरीज १६, म्हणजे वरच्या आणि खालच्या भोकात बरोबर दोन स्टडांचं अंतर पडतं आणि बाहेरनं एक उभी लिफ्टआर्म, म्हणजे भोकांची पट्टी, पिनांनी ठोकता येते. हे एकदा असं कुलूप लागलं की तळ ओढून सुद्धा सुटत नाही. प्लेटींचे जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, गवंडी सांधा मोडतो तसे मोडायचे. गोंद मी वापरत नाही आणि पार्ट कापत पण नाही, दोन्हीला माझा ठाम विरोध आहे, पार्ट परत सुटला पाहिजे.

दांडा आणि हूक यासाठी लेगोत गोल बॉलचा जोड मिळतो, तो नको. आमच्याकडं दांड्याच्या भोकात वरनं पिन टाकतात, आणि बॉल ओढताना सुटतो पण. म्हणून इथं पण तीच करडी पिन, उभी. दोन ट्रॉल्या असल्यानं वळणं बघायला मजा येते, टेबलावर गोल फिरवलं की ट्रॅक्टर मोठ्या वर्तुळात, पहिली ट्रॉली त्याच्या आत, दुसरी आणखी आत. चौकात ड्रायव्हर एवढं लांबनं वळण का घेतात ते असं समोर दिसतं.

ऊस करायला मात्र वेळ लागला. लेगोचा बार, म्हणजे बारीक गोल दांडी, ३.१८ मिलिमीटर जाड, १:२४ ला तो साडेसात सेंटिमीटर होतो, एवढा जाड ऊस कुठं पिकत नाही. खरं याच्यापेक्षा बारीक आणि सरळ असा पार्ट मला मिळाला नाही, आणि लावून बघितल्यावर कळलं की जाडीपेक्षा रंग आणि टोकं महत्त्वाची. आमच्याकडं ८६०३२ या जातीचा ऊस जास्त, त्याचं कांडं उघड्यावर लालसर होतं आणि पाचटाखाली झाकलेलं पिवळट हिरवं राहतं. म्हणून तांबूस तपकिरी, फिकट पिवळट आणि थोडे शेवाळी, तीन रंगांचे बार मिसळून लावले, एका रंगाचे सलग दोन-तीन, मग दुसरा, शिस्तीत नाही. आत पूर्ण ऊस नाही, आत विटांची पोकळ पेटी आहे, तिच्या बाहेरच्या बाजूला क्लिपवाल्या प्लेटी आणि क्लिपमधे बार, लांबीच्या दिशेनं. मागच्या बाजूला टोकं एकसारखी ठेवली नाहीत, कुठं एक स्टड बाहेर, कुठं दीड, काही आत. आणि भार हौद्यापेक्षा रुंद पाहिजे, दोन्ही अंगांना फुगलेला, हौद्याच्या कडा वरनं बघितलं तर दिसायला नकोत. वर दोन ठिकाणी दोरा आवळून बांधला. पेटी पोकळ ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, पुढं मोटर बसवावी वाटली तर बॅटरी बॉक्स ३ स्टडाच्या बॉनेटमधे जाणार नाही, तो उसाखाली पहिल्या ट्रॉलीत आरामात जाईल.

नंबरप्लेट आणि नावं निपाणीत रेडियमवाल्याकडनं करून घेतली, केए २३, चिक्कोडीचा नंबर. एवढं बारीक कटिंग होतंय का नाही म्हणून तो आधी तयार नव्हता, मॉडेल काढून समोर ठेवलं मग सगळं बाजूला ठेवून बसला. पुढच्या छपरावर "आई-बाबांची कृपा", ट्रॉलीच्या मागं मराठीत आणि कन्नडमधे दोन्ही गावाचं नाव, इकडच्या ट्रॉल्यांवर असतं तसंच.

सगळं झाल्यावर अण्णांना दाखवायला नेलं. पुढचा ॲक्सल बोटानं हलवून बघितला, पिन काढून ट्रॉली सोडून परत जोडली, खूश झाले. मग मागच्या ट्रॉलीकडं वळून म्हणाले, "रिफ्लेक्टर कुठं हाईत रे? रात्री मागनं मोटरसायकलवाला येतोय, त्याला काय दिसणार?" आणि हे ते गमतीनं बोलत नव्हते. भरलेल्या ट्रॉलीचा मागचा दिवा उसाच्या टोकांखाली झाकला जातो, अंधारात उभी ट्रॉली दिसतच नाही, हंगामात असे अपघात आमच्या रस्त्यांवर होतात. घरी येऊन दोन्ही ट्रॉल्यांच्या मागं पारदर्शक लाल १×१ च्या गोल प्लेटी बसवल्या, आणि त्या हौद्याच्या पट्टीवर न लावता खाली दोन्ही कोपऱ्यात बाहेर काढलेल्या ब्रॅकेटवर लावल्या, म्हणजे ऊस कितीही लोंबला तरी त्या झाकत नाहीत. अण्णांनी ते बघून स्वतःच्या ट्रॉलीला पण तशाच बाहेर काढलेल्या पट्ट्या वेल्डिंग करून घ्यायचं ठरवलंय, माप माझ्याकडनं मागून घेतलं, १:२४ चं उलटं गुणून दिलं.