सगळ्यांच्या फोनवर दिसले, एकाच फोनवर वाजले

आमच्या घरात पाच माणसे आहेत आणि सगळ्यांचा आठवडा एकाच दिवशी संपत नाही. माझे पती भोसरीच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांमध्ये काम करतात आणि त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलांची रविवारी, तर माझी बँक रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. थोरली नववीत असून तिचे दोन क्लास आहेत, धाकट्याच्या मागे शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी आहे आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंना आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावे लागते. स्वयंपाकघराच्या दारामागच्या कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरच्या तारखा यांच्यासोबत हे सारे मावेनासे झाले, तेव्हा मी गूगल कॅलेंडरवर ‘घर’ नावाचे एक सामाईक कॅलेंडर तयार केले.

ते तयार करणे अवघड गेले नाही. संगणकावर बसून नवे कॅलेंडर उघडले, घरच्यांचे ईमेल पत्ते भरले, पती आणि थोरली यांना नोंदी बदलण्याची परवानगी दिली आणि सासूबाईंना केवळ पाहण्याची. प्रत्येकाला आलेल्या ईमेलमधील दुवा ज्याच्या त्याच्या फोनवर दाबून घेतला. रात्री जेवणे होईपर्यंत चारही फोनवर एकसारखा आठवडा दिसू लागला आणि इतकी वर्षे हे का केले नाही, असे मी दोनदा मोठ्याने म्हणून घेतले.

पुढच्याच आठवड्यात धाकट्याची शाळा पालकसभेमुळे साडेअकराला सुटणार होती. पतींची दुसरी पाळी असल्यामुळे ते तीनपर्यंत घरी होते. मी ‘११.३० : धाकट्याला शाळेतून आणणे – बाबा’ अशी नोंद केली, अर्धा तास आधीची सूचना लावली आणि निर्धास्तपणे बँकेत गेले. अकरा वाजता माझा फोन वाजला. त्याचा अर्थ घरीही फोन वाजला असणार, असे मी धरून चालले. बारा वाजून दहा मिनिटांनी शाळेतून मला फोन आला. सगळी मुले गेली होती आणि आमचा मुलगा फाटकापाशी वॉचमनकाकांच्या खुर्चीवर बसून त्यांनी दिलेली बिस्किटे खात होता.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते मी येथे लिहीत नाही. पतींनी एवढेच केले की फोन माझ्यासमोर धरला. नोंद होती, वेळ बरोबर होती, त्यांचे नावही होते. ते म्हणाले, “दिसतंय सगळं, पण वाजलं नाही. मी काय दिवसभर कॅलेंडर उघडून बसू?” मला राग आला होता, परंतु मुद्दा त्यांचा बरोबर होता.

पुढच्या तीन संध्याकाळी या एका प्रश्नात गेल्या. जेवणाच्या टेबलावर तीन फोन ओळीने ठेवून मी ‘चाचणी १’ नावाची नोंद करायची, पाच मिनिटे आधीची सूचना लावायची आणि आम्ही सगळे कुकरच्या शिट्टीची वाट पाहावी तसे त्या फोनकडे पाहत बसायचे. दर वेळी माझाच फोन वाजे. ‘चाचणी ४’ला सासूबाई म्हणाल्या, “अगं, हाक मारलीस तर तो तसाही येतो.” मी कॅलेंडर काढून पुन्हा जोडले, सगळ्यांचे फोन बंद करून सुरू केले, इंटरनेट कंपनीला उगाच बोल लावला.

उलगडा झाला तो अगदी साधा होता. सामाईक कॅलेंडरमधील नोंद सर्वांची असते, पण तिची सूचना ज्याची त्याची असते. मी माझ्या फोनवर लावलेली घंटा माझ्यासाठीच होती. प्रत्येकाने आपापल्या फोनवर कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, त्या सामाईक कॅलेंडरचे नाव निवडून, तेथे स्वतःसाठी सूचना ठरवावी लागते. ते केल्यावर पतींचा फोन वाजला, थोरलीचा मात्र गप्पच राहिला. तिने बॅटरी वाचवण्यासाठी कॅलेंडरचे पार्श्वभूमीतले काम बंद करून ठेवले होते. शेवटी ‘चाचणी ९’ला तिन्ही फोन एकदम वाजले आणि धाकट्याने टाळ्या वाजवल्या. तरीही शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आदल्या दिवशी कोणालाच आठवली नाही, कारण ती मी पूर्ण दिवसाची नोंद म्हणून टाकली होती आणि अशा नोंदींची सूचना त्याच सेटिंग्जमध्ये वेगळी लावावी लागते. अर्ज मी रात्री साडेदहाला भरला.

हे सर्व टाळायचे असल्यास आणखी एक मार्ग आहे: ज्याचे काम आहे त्याला त्या नोंदीत पाहुणा म्हणून आमंत्रित करावे, म्हणजे ती त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये जाते आणि त्याने तेथे लावलेल्या सूचनेप्रमाणे वाजते. महत्त्वाच्या कामांसाठी मी आता दोन्ही करते. विश्वास उडाला की असेच होते.

पाळ्यांचे सांगायचे राहिले. तीन पाळ्या दर आठवड्याला बदलत असल्यास प्रत्येक पाळी एकदाच भरून ‘दर तीन आठवड्यांनी’ अशी पुनरावृत्ती लावावी. मी पहिले दोन महिने एकेक दिवस हाताने भरला. पतींचा फोन कारखान्याच्या दारात लॉकरमध्ये जमा होतो, त्यामुळे कामाच्या वेळेतील सूचना त्यांच्यासाठी निरुपयोगी असते. त्यांच्या सूचना पाळीच्या एक तास आधी वाजतील अशा लावल्या आहेत. कॅलेंडर सार्वजनिक करण्याचा पर्याय दिसतो, त्याला हात लावू नये. आपली मुले किती वाजता कोठे असतात हे जगाला सांगण्याचे कारण नाही.

तिथीने येणाऱ्या गोष्टींची वार्षिक पुनरावृत्ती लावू नये, हेही मी चुकूनच शिकले. गणेश चतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली आणि २०२४ साली ७ सप्टेंबरला आली. सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथीही अशीच सरकते. त्यामुळे नवे कालनिर्णय घरी आले की सासूबाई चष्मा लावून तिथी वाचतात आणि मी वर्षभराच्या नोंदी एका बैठकीत भरते. दारामागचा खिळा त्यामुळे रिकामा झालेला नाही.

शाळेचे वेळापत्रक मात्र अजूनही व्हॉट्सअॅपवर रात्री उशिरा फळ्याच्या तिरप्या फोटोच्या रूपाने येते. ते टंकलिखित मजकुरात पाठवावे, म्हणजे पालकांना नोंदी करणे सोपे जाईल, अशी विनंती मी कार्यालयात जाऊन लेखी दिली होती. पंधरा दिवसांनी उत्तर आले की फोटोमध्ये सर्व काही स्पष्ट दिसत आहे. ते उत्तरही फोटोच्या रूपानेच आले होते.