कांद्याची चाळ आणि विक्रमचे पाय

बुधवार, 23 ऑगस्ट 2023. रात्री साडेदहा.

आज संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चे विक्रम हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा आमच्या ओसरीवर वीसेक माणसे टीव्हीसमोर बसली होती आणि त्यांतल्या निम्म्यांचा कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या छपरात, पडून होता, कारण सोमवारपासून नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद आहेत. वेग कमी होत गेला तसतसे सगळे गप्प झाले. धाकट्या भावाने हात जोडले होते. उतरल्याचे कळल्यावर मला डोळे पुसावे लागले, कारण चांद्रयान-2 चे विक्रम कोसळले ती 7 सप्टेंबर 2019 ची मध्यरात्रही मी याच खुर्चीत बसून काढली होती.

त्या अपयशानंतर जे काम झाले, त्याचे मला यशाइतकेच अप्रूप वाटते. मागच्या वेळी इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा किंचित जास्त पडला, चुका साचत गेल्या, आणि पाचशे मीटर लांबी-रुंदीच्या छोट्या जागेतच उतरायचे असल्याने यानाला सावरायला वाव उरला नाही, हे इस्रोचे अध्यक्ष सोमनाथ यांनी उघडपणे सांगितले. मग उतरण्याची जागा चार किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर एवढी मोठी केली, पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढून टाकले आणि वेग मोजण्यासाठी लेसरचे नवे उपकरण बसवले. काय काय बिघडू शकेल हे आधी धरून सारा आराखडा केला. रशियाचे लूना-25 याच शनिवारी चंद्रावर आदळले. ही वाट किती अवघड आहे हे त्यावरून कळते.

त्याच शनिवारी, 19 तारखेला, कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले, आणि त्याच्याच निषेधात लिलाव बंद पडले. हे शुल्क 31 डिसेंबरपर्यंत राहणार आहे. जुलैत टोमॅटोने शहरातल्या घरांचे हाल केले, सणासुदीत कांद्याचेही तसे होऊ नये ही सरकारची काळजी मला खोटी वाटत नाही. पण उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत भरतात, तो ऑगस्ट-सप्टेंबरात चार पैसे मिळतील या एकाच आशेवर. तोवर त्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब येतात, आणि भाव हाताशी येतो न येतो तोच निर्यातीची वाट अडते. 2019 च्या सप्टेंबरात, विक्रम कोसळले त्याच महिन्यात, आधी टनाला 850 डॉलरचे किमान निर्यात मूल्य लागले, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवता येईना, आणि 29 तारखेला थेट बंदी आली. 2020 च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी आली. मला सर्वांत जास्त सलते ते हे, की आधीच्या निर्णयांनी शेतकऱ्याचे काय झाले, व्यापाऱ्याचे बाहेरचे गिऱ्हाईक किती तुटले आणि शहरात भाव खरोखर किती उतरला, याचा इस्रोसारखाच उघड हिशेब मांडून मग पुढचा निर्णय घेतलेला आमच्या गावाला कधी दिसला नाही. निदान महिनाभर आधी कल्पना दिली असती, तर भावाने जुलैतच निम्मी चाळ रिकामी केली असती.

काल केंद्र सरकारकडून 2,410 रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन कांदा खरेदीची घोषणा झाली. ती ऐकून भाऊ थोडा सैलावला, पण रात्री जेवताना पुन्हा गप्पच होता. पाऊसही नाही, खरिपाची लागवड खोळंबली आहे, त्यामुळे चाळीतल्या या मालावरच त्याचे वर्ष अवलंबून आहे.

झोपण्यापूर्वी पुतणीने विचारले, की चंद्रावर ऊन किती दिवस असते. आपले चौदा दिवस, असे मी सांगितले आणि तेवढ्याच मुदतीत विक्रम आणि त्याच्यातल्या प्रज्ञान या छोट्या गाडीला सगळी मोजमापे उरकायची आहेत हेही समजावले. तिला ते पटकन समजले. उद्या सकाळी भावाबरोबर कांदा निवडायला जायचे आहे. त्या खरेदीत कोणत्या प्रतीचा माल घेणार, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही.